पीजीच्या प्रवेशाआधीचे अनपेक्षित गर्भारपण : महिला निवासी डॉक्टरांचे मागणीपत्र

प्रति,
मा. मंत्री, वैद्यकीय शिक्षण, महाराष्ट्र राज्य
मा. कुलगुरू, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक
मा. आयुक्त, राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, मुंबई

विषय : पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशाच्या काळात अनपेक्षित गर्भधारणा झालेल्या महिला डॉक्टरांची जागा, विद्यावेतन, गोपनीयता व आरोग्य यांच्या संरक्षणाबाबत.

महोदय / महोदया,

हे मागणीपत्र एका छोट्या कालावधीपुरते आहे. नीट-पीजी या प्रवेश परीक्षेचा निकाल लागल्यापासून जेआर-1 (पहिल्या वर्षाची निवासी डॉक्टर) म्हणून वॉर्डात पहिली ड्युटी लागेपर्यंतचा हा काळ. याच काळात एखादीला दिवस गेल्याचे कळले, तर आज तिच्यासमोर तीनच वाटा असतात. जागा सोडून द्यायची. मनात नसताना गर्भपात करून घ्यायचा. नाहीतर पोट दिसेपर्यंत कोणाला न सांगता चोवीस-चोवीस, छत्तीस-छत्तीस तासांच्या ड्युट्या ओढायच्या. जिला गर्भ खरोखरच ठेवायचा नाही, तिचीही सुटका नाही. नव्या शहरात, नव्या कॉलेजात, जिथे पुढची तीन वर्षे काढायची त्याच लोकांसमोर तिला केसपेपर काढावा लागतो.

महाराष्ट्रातील शासकीय व महापालिका वैद्यकीय महाविद्यालयांत शिकणाऱ्या आणि शिकून बाहेर पडलेल्या महिला निवासी डॉक्टरांची आमची संघटना आहे. दरवर्षी प्रवेशफेऱ्यांच्या दिवसांत आमच्याकडे असे फोन येतात. बहुतेकींचा पहिला प्रश्न वैद्यकीय नसतो, तो आम्हाला सगळ्यांना पाठ आहे. त्या विचारतात, ‘मॅडम, माझी सीट जाईल का?’

आमची भूमिका सरळ आहे. गर्भ ठेवायचा की नाही हा निर्णय त्या बाईचा. आणि निर्णय कोणताही असो, त्यासाठी तिला जागा, पैसे किंवा नाव गमवावे लागू नये. खालच्या सगळ्या मागण्या या भूमिकेतूनच आलेल्या आहेत.

‘आधी नियोजन करायला नको होते का?’

हा प्रश्न घरात विचारला जातो, विभागातही विचारला जातो. कधी रागाने, कधी काळजीने. त्याचे उत्तर आधी देतो, कारण ते दिल्याशिवाय पुढचे काही ऐकून घेतले जाणार नाही.

एमबीबीएस आणि इंटर्नशिप संपते तेव्हा मुलगी तेवीस-चोवीस वर्षांची असते. बंधपत्राची सेवा, नीटची तयारी आणि बहुतेकींचा दुसरा प्रयत्न धरला तर पीजीला लागेपर्यंत सव्वीस-सत्तावीस उजाडते आणि एमडी-एमएस हातात पडेपर्यंत तिशी. लग्न आणि पहिले मूल यांसाठी घरच्यांनी आणि शरीरानेही ठरवलेली वर्षे हीच आहेत. ती पीजीच्या बाहेर ठेवायची असा नियम करता येत नाही. केला, तर मुलींनी पीजीच करू नये असा त्याचा अर्थ होईल.

आणि नियोजन करायचे म्हटले तरी कोणत्या तारखेवर? 2021 ची नीट-पीजी 18 एप्रिलला होणार होती. ती झाली 11 सप्टेंबरला, आणि आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेल्यामुळे समुपदेशन सुरू झाले 12 जानेवारी 2022 ला. 2024 ची परीक्षा 23 जूनला होती. ती आदल्या रात्री रद्द झाली आणि 11 ऑगस्टला घेतली गेली. 2025 ची 15 जूनवरून 3 ऑगस्टवर गेली. फेऱ्या त्यानंतर कित्येक महिने चालतात. दुसऱ्या फेरीत लातूर मिळालेली मुलगी तिसऱ्या फेरीत मुंबईला जाते आणि रुजू व्हायला तिला जेमतेम काही दिवस मिळतात. ज्या व्यवस्थेला स्वतःची परीक्षा ठरलेल्या महिन्यात घेता येत नाही, तिने एका बाईकडे नऊ महिन्यांचा हिशेब मागू नये.

गर्भनिरोधन फसते, हे आम्ही डॉक्टर म्हणून रोज पाहतो. गोळी चुकते, निरोध फाटतो, तांबी असूनही दिवस राहतात. कायद्यालाही हे ठाऊक आहे. 1971 चा गर्भपाताचा कायदा ज्या समितीच्या शिफारशींवर उभा राहिला, तिचे अध्यक्ष महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री शांतिलाल शाह होते. गर्भनिरोधक फसल्याने राहिलेला नकोसा गर्भ स्त्रीच्या मनावर गंभीर आघात करतो, असे हा कायदा पहिल्यापासून मानत आला. सुरुवातीला या कारणावरून गर्भपाताची सवलत ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ एवढ्यापुरती होती. 2021 च्या दुरुस्तीने तिथे ‘कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे शब्द आले. 29 सप्टेंबर 2022 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रीलाही वीस ते चोवीस आठवड्यांच्या गर्भपाताच्या तरतुदीचा तोच हक्क असल्याचे स्पष्ट केले. म्हणून या मागणीपत्रात जिथे जिथे ‘महिला डॉक्टर’ म्हटले आहे, तिथे विवाहित-अविवाहित हा भेद आम्ही केलेला नाही. प्रशासनानेही करू नये.

न्यायालयांनी काय सांगितले आहे

आमच्या मागण्यांमागचे तत्त्व नवे नाही. 1989 मध्ये नीरा माथूर आयुर्विमा महामंडळात निवडल्या गेल्या, छोटे प्रशिक्षण घेऊन रुजू झाल्या. त्यांच्याकडून एक प्रतिज्ञापत्र भरून घेतले होते. शेवटची पाळी कधी आली, आता गरोदर आहात का, असे प्रश्न त्यात होते. पुढे बाळंतपणाची रजा घेतल्यावर, ही माहिती चुकीची दिली असे म्हणून परिविक्षेच्या काळातच त्यांना काढून टाकण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले आणि असले लाजिरवाणे प्रश्न अर्जातून काढून टाका असे महामंडळाला सांगितले. त्यानंतर तीस वर्षांनी भारतीय स्टेट बँकेने तीन महिन्यांपेक्षा जास्त दिवस गेलेल्या उमेदवाराला ‘तात्पुरती अपात्र’ ठरवणाऱ्या सूचना काढल्या, आणि देशभर टीका झाल्यावर जानेवारी 2022 मध्ये स्थगित केल्या. इतक्या वर्षांनीही, निवड झालेली बाई गरोदर आहे म्हणून तिला दारातच थांबवण्याची सवय संस्थांमधून गेलेली नाही.

आमच्या अगदी जवळचे प्रकरण डॉ. कविता यादव यांचे. दिल्लीतील एका शासकीय रुग्णालयात त्या पॅथॉलॉजीच्या वरिष्ठ निवासी डॉक्टर होत्या. तीन वर्षांचा करार 11 जून 2017 ला संपत होता आणि त्यांनी 1 जूनपासून प्रसूती रजा मागितली. रुग्णालयाने त्यांना अकरा दिवस दिले. करार संपला, रजाही संपली, असा युक्तिवाद होता. तो ऑगस्ट 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. कराराची मुदत संपली तरी प्रसूतीचा पूर्ण लाभ द्यावाच लागेल, असा निकाल दिला. कराराच्या शेवटच्या टोकाला उभ्या असलेल्या डॉक्टरला हे संरक्षण मिळाले. आम्ही पहिल्या टोकाला उभ्या असलेल्या डॉक्टरसाठी तेच मागतो आहोत.

विद्यार्थिनींबाबतही प्रश्न सुटलेला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर 2021 मध्ये सर्व विद्यापीठांना पदवी व पदव्युत्तर विद्यार्थिनींसाठी प्रसूती रजा आणि हजेरीची सवलत यांचे नियम करण्यास कळवले. 2023 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका एम.एड.च्या विद्यार्थिनीच्या बाजूने निकाल देताना, शिक्षण की मातृत्व यांतले एक निवड असे नागरिकाला सांगता येत नाही हे मान्य केले. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या पदव्युत्तर शिक्षणाच्या नियमांत (पीजीएमईआर 2023) देखील पीजीच्या विद्यार्थिनींना शासकीय नियमांप्रमाणे प्रसूती रजा आहे. मग अडते कुठे? हे सगळे आधीच आत आलेल्या बाईसाठी लिहिले गेले आहे. उंबऱ्यावर उभ्या असलेल्या बाईबद्दल प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत एक ओळ नाही. आणि जिथे ओळ नाही, तिथे लिपिकाचे मत हाच नियम होतो.

आमच्या मागण्या

पहिली मागणी जागेची आहे. ही मिळाली नाही तर बाकीच्यांना फारसा अर्थ उरत नाही.

आज ठरलेल्या तारखेला रुजू न झालेल्या उमेदवाराची जागा पुढच्या फेरीत जाते. ठरावीक फेरीनंतर जागा सोडली तर अनामत रक्कम जाते आणि पुढच्या फेऱ्यांतून नावही बाद होते. आम्ही मागतो ते असे. जिला गर्भ ठेवायचा आहे, तिला कागदपत्रांची पडताळणी करून, शुल्क भरून मुदतीत रुजू होता यावे आणि त्याच दिवसापासून रजेवर जाता यावे. तिची जागा त्या वर्षाच्या प्रवेशक्षमतेत मोजली जावी, दुसऱ्या कोणाला दिली जाऊ नये, आणि तीन वर्षांच्या प्रशिक्षणाची सुरुवात ती प्रत्यक्ष कामावर आल्याच्या तारखेपासून धरावी. ज्यांना रुजू होण्यासाठी प्रवासही झेपणार नाही, उदाहरणार्थ रक्तस्राव होतो आहे किंवा डॉक्टरांनी अंथरुणातून न उठण्यास सांगितले आहे, त्यांची पडताळणी प्राधिकृत प्रतिनिधीमार्फत किंवा ऑनलाइन व्हावी. यापैकी जे राज्याच्या हातात आहे ते शासन निर्णयाने ताबडतोब करावे. पुढच्या वर्षी अधिसंख्य जागेवर रुजू होण्याचा पर्याय हवा असेल तर राष्ट्रीय आयोगाची परवानगी लागेल. तसा प्रस्ताव राज्याने स्वतःहून पाठवावा.

यावर आक्षेप येतो की सहा-आठ महिने जागा अडून राहते आणि दुसऱ्या गुणवान उमेदवाराचे नुकसान होते. या आक्षेपाला उत्तर देणे आमचे काम आहे. ती जागा तिने गुणांवर मिळवलेली आहे, रिकामी सापडलेली नाही. दुसरे असे की दरवर्षी सगळ्या फेऱ्या झाल्यावरही पीजीच्या जागा शिल्लक राहतात. 2023 मध्ये तर त्या भरण्यासाठी पात्रता शून्य पर्सेंटाइलवर आणावी लागली. त्यांतल्या बऱ्याच जागा शरीरक्रियाशास्त्र, जीवरसायनशास्त्र अशा रुग्णांशी थेट संबंध नसलेल्या विषयांच्या होत्या, हे आम्हाला मान्य आहे. पण जी व्यवस्था काही जागा पूर्ण तीन वर्षे रिकाम्या सोसते, तिला एक जागा काही महिने राखून ठेवणे अशक्य आहे असे आम्ही मानत नाही.

दुसरी मागणी : रुजू होताना गर्भारपणाबद्दल विचारू नये. वैद्यकीय योग्यता प्रमाणपत्राच्या नमुन्यात पाळी, गर्भ, मागील गर्भपात यांचा उल्लेख नसावा आणि लघवीची गर्भतपासणी सक्तीची नसावी. सांगायचे की नाही, कधी आणि कोणाला, हे तिने ठरवावे. न सांगितल्याचा ठपका पुढे कधीही ठेवला जाऊ नये. नीरा माथूर प्रकरणाने हे केव्हाच ठरवून दिले आहे.

तिसरी मागणी : पहिल्या दिवसापासून विद्यावेतन. मातृत्व लाभाच्या केंद्रीय कायद्यात प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत किमान 80 दिवस काम केलेले असावे अशी अट आहे. नुकत्याच लागलेल्या डॉक्टरला ती पूर्ण करणे अनेकदा शक्य नसते. शासकीय रुग्णालयात बंधपत्रित वैद्यकीय अधिकारी म्हणून किंवा इंटर्न म्हणून तिने केलेली सेवा त्यात मोजली जावी, आणि तीही नसेल तर राज्याने निवासी डॉक्टरांसाठी ही अट शिथिल करावी. 26 आठवड्यांची रजा पूर्ण विद्यावेतनासह मिळावी. रजेमुळे प्रशिक्षण पुढे सरकते त्या महिन्यांचे विद्यावेतनही दरमहा मिळावे. अनेक ठिकाणी वाढीव काळाची रक्कम ‘मंजुरी आली नाही’ म्हणून अडकून राहते आणि नुकत्याच बाळंत झालेल्या डॉक्टरला घरखर्चासाठी उसने मागावे लागते.

चौथी मागणी गर्भ न ठेवणाऱ्या डॉक्टरांसाठी आहे. त्यांच्याबद्दल कोणी बोलत नाही म्हणून आम्ही सविस्तर लिहितो.

कायद्याने प्रौढ स्त्रीला गर्भपातासाठी फक्त तिची स्वतःची संमती लागते. नवऱ्याची, सासूची, वडिलांची लागत नाही. वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचे मत पुरते. नऊ आठवड्यांच्या आत तर गोळ्यांनी काम होते. हे सगळे वैद्यकीय प्रवेश घेणाऱ्या मुलीला पाठ असते. तरीही ती घाबरते, कारण तिला उपचार जिथे उपलब्ध आहेत ती जागा आणि तिच्या शिक्षणाची जागा एकच आहे. स्त्रीरोग विभागाच्या ओपीडीत केसपेपर काढणारा कर्मचारी, सोनोग्राफी करणारा रेडिओलॉजीचा रेसिडेंट, वॉर्डातल्या सिस्टर, सकाळच्या राऊंडला येणारे प्राध्यापक, हे सगळे पुढची तीन वर्षे तिला रोज भेटणार आहेत. ती स्त्रीरोग विभागातच लागली असेल तर विचारूच नका. अविवाहित असेल तर गोष्ट वॉर्डातून होस्टेलवर आणि होस्टेलवरून गावाकडे जायला वेळ लागत नाही.

म्हणून आम्ही मागतो की प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाने दुसऱ्या शहरातल्या किंवा त्याच शहरातल्या वेगळ्या शासकीय रुग्णालयाशी अशी व्यवस्था लेखी करून ठेवावी, जिथे निवासी डॉक्टरला आपल्या विभागाला न कळवता तपासणी, गर्भपात, गर्भपातानंतरची काळजी आणि गर्भनिरोधन मिळेल. तिच्या रजेच्या अर्जावर ‘वैद्यकीय कारण’ एवढेच लिहिलेले असावे आणि विभागप्रमुखांनी त्यापुढे खोदून विचारू नये. 2021 च्या दुरुस्तीने गर्भपात केलेल्या स्त्रीचे नाव व तपशील उघड करणे हा एक वर्षापर्यंत कैदेचा गुन्हा ठरवला आहे. हे कलम प्रत्येक महाविद्यालयाच्या नोटीस बोर्डावर मराठीत आणि इंग्रजीत लागलेले असावे. गर्भपात किंवा गर्भ आपोआप पडल्यानंतर सहा आठवड्यांच्या सवेतन रजेची तरतूद 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यात होती, ती 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम आहे. ती निवासी डॉक्टरलाही मिळावी. गर्भपात झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सी-आर्मचे शिशाचे जाकीट घालून ओटीत उभे राहावे लागणे ही आमच्या व्यवसायाला शोभणारी गोष्ट नाही.

आणि एक गोष्ट आम्ही या जागी ठामपणे मांडतो. ‘आत्ता पाडून टाक, पीजी झाली की बघू’ हा सल्ला वरिष्ठांकडून येतो तेव्हा तो सल्ला राहत नाही. ज्यांच्या सहीवर थिसिस आणि लॉगबुक अवलंबून आहे त्यांनी असे बोलणे म्हणजे दबाव आहे. ‘ठेव आता, सीट सोड’ असे सासरहून येते तोही दबावच. पहिल्याबद्दल प्रशासनाला नियम करता येतो. शिक्षकांसाठीच्या आचारसंहितेत तो स्पष्ट शब्दांत असावा. दुसऱ्याबद्दल नियम करता येत नाही, पण जागा सुरक्षित आहे असा कागद हातात असला की घरात बोलायला बाईचा आवाज फुटतो.

पाचवी मागणी : कामाचे स्वरूप. गर्भाचे अवयव घडतात ते साधारण तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात. म्हणजे पुष्कळ जणींना दिवस गेल्याचे कळायच्या आधी आणि कळल्यानंतरच्या पहिल्या पंधरवड्यात. जेआर-1 चे सर्वांत कष्टाचे आठवडेही नेमके हेच. त्यामुळे ज्या डॉक्टरने गर्भारपण कळवले आहे तिला कॅथलॅब, सी-आर्म, पोर्टेबल एक्स-रे यांच्या ड्युट्या लावू नयेत. जिथे त्या विषयासाठी अपरिहार्य आहेत, तिथे किरणांची मात्रा मोजणारा टीएलडी बॅज देऊन अणुऊर्जा नियामक मंडळाच्या मर्यादेत, म्हणजे उरलेल्या गर्भारपणात गर्भाला 1 मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त मात्रा पोहोचणार नाही इतपतच, काम द्यावे. कर्करोगाची औषधे पातळ करून भरणे, बहुऔषधरोधी क्षयाचा वॉर्ड, कांजिण्या-गोवर-रुबेलाचे रुग्ण, भुलीचे वायू बाहेर नेणारी यंत्रणा नसलेली जुनी ओटी, यांबाबतही तेच. सामाजिक सुरक्षा संहितेनेच फार कष्टाचे आणि खूप वेळ उभे राहण्याचे काम बाळंतपणाआधीच्या ठरावीक काळात स्त्रीने मागणी केल्यास देऊ नये असे म्हटले आहे. निवासी डॉक्टरांसाठी हा काळ विसाव्या आठवड्यापासून धरावा आणि त्यानंतर सलग बारा तासांपेक्षा जास्त ड्युटी नसावी. 1992 च्या केंद्रीय निवासी डॉक्टर योजनेत बारा तासांची मर्यादा सगळ्याच निवासी डॉक्टरांसाठी लिहिलेली आहे.

सहावी मागणी बदली डॉक्टरची, आणि ती आमच्या सहकाऱ्यांच्या वतीनेही आहे.

युनिटमध्ये तीन जेआर-1 असतात. एक रजेवर गेली की उरलेल्या दोघांच्या ड्युट्या एक दिवसाआड येतात. त्यांचा राग रजेवर गेलेल्या मैत्रिणीवर निघतो. आम्ही त्या रागाला खोटा म्हणत नाही, कारण दोन दिवस न झोपलेल्या माणसाला कायदा समजावून सांगता येत नाही. पण तो राग चुकीच्या पत्त्यावर जातो. माणूस कमी पडणार हे आधी कळूनही बदली न देणारे प्रशासन त्याला जबाबदार आहे. प्रसूती रजेवर गेलेल्या प्रत्येक निवासी डॉक्टरच्या जागी त्या मुदतीसाठी हाऊस ऑफिसर किंवा बिगर-शैक्षणिक कनिष्ठ निवासी नेमण्याचा अधिकार अधिष्ठात्यांना द्यावा आणि त्यासाठी स्वतंत्र शीर्षाखाली निधी ठेवावा. मंत्रालयाची मंजुरी येईपर्यंत रजा संपलेली असते, म्हणून हा अधिकार महाविद्यालयाच्या पातळीवरच हवा. एमबीबीएस होऊन पुढच्या नीटची तयारी करणारे, कामाचा अनुभव हवा असलेले तरुण डॉक्टर राज्यात मुबलक आहेत. एवढे एक पाऊल उचलले, तर गरोदर डॉक्टरकडे पाहण्याची युनिटची नजर आपोआप बदलेल, असा आमचा विश्वास आहे.

सातवी मागणी परीक्षेची. हजेरीचा 80 टक्के निकष प्रशिक्षण पुन्हा सुरू झाल्यापासून मोजावा. थिसिसचा विषय नोंदवण्याची आणि प्रबंध सादर करण्याची मुदत आपोआप वाढावी, त्यासाठी विलंबशुल्क नसावे. उन्हाळी किंवा हिवाळी सत्रांपैकी जे जवळ असेल त्याला बसता यावे. पीजीनंतरच्या एक वर्षाच्या सामाजिक दायित्व सेवेच्या बंधपत्रात (ती न केल्यास 50 लाख रुपये भरावे लागतात) रजेमुळे झालेला उशीर दंडास पात्र नसल्याचे नमूद करावे.

आठवी मागणी बाळासाठी. रुग्णालयाच्या आवारात निवासी डॉक्टरांसाठी चोवीस तास चालणारे पाळणाघर आणि प्रत्येक मजल्यावर हिरकणी कक्ष. आमच्याच वॉर्डांत आम्ही रोज मातांना सहा महिने निव्वळ स्तनपानाचा आग्रह धरतो, त्याच इमारतीत आमच्या मैत्रिणींना दूध काढायला कुलूप लावता येईल अशी खोली मिळत नाही. निवासी डॉक्टरांच्या होस्टेलमध्ये बाळ आणि बाळाला सांभाळणारी आई किंवा सासू यांच्यासह राहता येईल अशा काही खोल्या राखून ठेवाव्यात. पती दुसऱ्या जिल्ह्यात निवासी डॉक्टर असेल तर परस्पर बदलीचा विचार व्हावा.

नववी मागणी : बोलायला कोणीतरी हवे. बातमी कळल्यानंतरचे पहिले दोन-तीन आठवडे निर्णयाचे असतात, आणि त्या आठवड्यांत ती डॉक्टर असूनही एकटी असते. विद्यापीठाने नाशिकहून चालणारी, गोपनीय, मराठी-हिंदी-इंग्रजीत बोलता येईल अशी दूरध्वनी सेवा सुरू करावी. तिथे स्त्रीरोगतज्ज्ञ, समुपदेशक आणि प्रवेशाचे नियम माहीत असलेली व्यक्ती असावी. ही माणसे कोणत्याही महाविद्यालयाच्या विभागाशी संबंधित नसावीत. सल्ला देणाऱ्याने कोणत्याही निर्णयाच्या बाजूने झुकू नये. प्रवेशपत्रासोबत हा क्रमांक प्रत्येक महिला उमेदवाराला जावा.

दुरुपयोग होईल असे कोणी म्हणेल. गर्भारपणाचा बहाणा सोनोग्राफीसमोर टिकत नाही. आणि फक्त रजेसाठी कोणी मूल जन्माला घालत नाही, हे ज्यांनी बाळंतपणे केली आहेत त्यांना आम्ही सांगण्याची गरज नाही.

आम्ही पीजीच्या डॉक्टरांपुरते लिहिले आहे, कारण ती व्यवस्था आम्ही आतून पाहिली आहे. नर्सिंग, फिजिओथेरपी आणि दंतवैद्यकाच्या विद्यार्थिनींचे प्रश्न काही बाबतीत याहून बिकट आहेत. त्यांना विद्यावेतनही अपुरे किंवा अजिबात नसते. विद्यापीठ एकच आहे, त्यामुळे वरील दुसरी, चौथी, सातवी आणि नववी मागणी त्यांनाही लागू व्हावी, अशी आमची विनंती आहे.

पुढील प्रवेशवर्षाच्या माहितीपुस्तिकेचा मसुदा तयार होण्यापूर्वी या विषयावर बैठक बोलवावी. बैठकीला वैद्यकीय शिक्षण विभाग, विद्यापीठ आणि प्रवेश परीक्षा कक्ष या तिघांचे निर्णय घेऊ शकणारे अधिकारी एकत्र असावेत, कारण आजवर प्रत्येक कार्यालयाने आम्हाला दुसऱ्याकडे पाठवले आहे. पहिली, दुसरी आणि चौथी मागणी यांना वेगळा निधी लागत नाही. त्यांतील राज्याच्या हातात असलेल्या भागाबाबत परिपत्रक लगेच काढता येईल. बदली डॉक्टर आणि पाळणाघर यांसाठी येत्या अर्थसंकल्पात तरतूद व्हावी. रुजू होण्याबाबतच्या परिपत्रकाचा आणि रजेच्या अर्जाचा मसुदा आम्ही तयार केला असून तो सोबत जोडला आहे.

लेखी उत्तर माहितीपुस्तिका प्रसिद्ध होण्याच्या किमान एक महिना आधी मिळावे. न मिळाल्यास आम्ही राज्य महिला आयोगाकडे आणि त्यानंतर उच्च न्यायालयात जाऊ. रुग्णसेवा बंद ठेवण्याचा आमचा विचार नाही.

आपल्या विश्वासू,
अध्यक्षा, सचिव व कार्यकारिणी सदस्य
महिला निवासी डॉक्टर संघटनेच्या वतीने

प्रत माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी :
मा. अध्यक्षा, महाराष्ट्र राज्य महिला आयोग, मुंबई
मा. अध्यक्ष, राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोग, नवी दिल्ली
मा. अधिष्ठाता, राज्यातील सर्व शासकीय व महापालिका वैद्यकीय महाविद्यालये